‘पानी’ म्हणणारी नापास : उरवड्यातल्या मराठीच्या वर्गातून



मागच्या महिन्यात एका यंत्राने माझ्या आईला मराठीत नापास केलं. आईची मातृभाषा मराठी, तिच्या आईची आणि आजीचीही मराठीच. धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लग्न होऊन ती पुण्याच्या झोपडपट्टीत आली आणि चाळीस वर्षं लोकांची धुणीभांडी करून तिने आम्हा तिघा भावंडांना शिकवलं. यंत्राने विचारलं, तुम्हाला काय हवं आहे? ती म्हणाली, “मला पानी पायजे.” डोळ्यांसमोर लाल फुली आली. ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने. पुन्हा फुली. तिसऱ्यांदा तिने तो चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “हे बी आमच्या बाईवानीच हाय.” बाई म्हणजे तिच्या शाळेतल्या बाई. चौथीत तिची शाळा सुटली होती.

हे यंत्र म्हणजे व्हीआर हेडसेट. डोळ्यांवर बांधायचा जाडजूड चष्मा. तो घातला की आपण खोलीत उभे असूनही दवाखान्यात किंवा बस स्टॉपवर उभे आहोत असं दिसतं, मान वळवली की त्या जागेची दुसरी बाजू दिसते, आणि समोरचा माणूस आपल्याशी बोलतो. पुस्तकी भाषेत त्याला ‘आभासी वास्तव’ म्हणतात. आमच्या वर्गातल्या बाया त्याला डबा म्हणतात. मीही आता तोच शब्द वापरते.

मी मुळशी तालुक्यात उरवड्याला राहते आणि काम करते. चांदणी चौकातून पौड रस्त्याने पिरंगुटला यायचं आणि तिथून आत वळायचं. पुण्यातल्या लोकांना मुळशी म्हणजे धरण, रिसॉर्ट आणि पावसाळी सहल. आमच्या बाजूला कारखाने आहेत, गोदामं आहेत आणि त्यांच्यामागे पत्र्याच्या खोल्या. त्या खोल्यांत बिहार, झारखंड, ओडिशा, बंगालच्या बाया राहतात, नेपाळच्या आहेत, आपल्या मराठवाड्याच्याही आहेत. पॅकिंगला बसतात, लाइनवर उभ्या राहतात. जवळजवळ सगळ्या ठेकेदारामार्फत. दोन वर्षांपासून सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी समाजमंदिरात आम्ही त्यांच्यासाठी मराठीचा वर्ग घेतो. पहिल्या दिवशी बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो बघून एकीने मला हळूच विचारलं होतं, “ये किनका मंदिर है?” मी सांगितलं. ती आठवडाभर आली नाही. नंतर आली. रेल्वेने हजार-दीड हजार किलोमीटर प्रवास केला तरी जात सोबत येते, हे मला कुठल्या पुस्तकाने इतकं नीट शिकवलं नव्हतं.

डबे आमच्याकडे पुण्यातल्या एका संस्थेमार्फत आले. दोन नग, सहा महिन्यांसाठी. पैसा परदेशातला. युरोपात निर्वासित बायांना नवी भाषा शिकवायला असे प्रयोग होतात, त्याच धर्तीवरचा हा प्रकल्प. त्यामुळे फॉर्मवर आधीच छापलेलं होतं : ‘निर्वासित महिला’. मी म्हटलं, मॅडम, आमच्या बाया निर्वासित नाहीत, स्थलांतरित मजूर आहेत. त्या म्हणाल्या, चालतं, फॉर्म बदलता येत नाही. मी सही केली.

पण तो शब्द डोक्यातून जाईना. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताने सहीच केलेली नाही. त्यामुळे आपल्याकडे निर्वासित कोणाला म्हणायचं हे सरकार त्या-त्या वेळी ठरवतं. जात त्यातूनही सुटत नाही. फाळणीनंतर पाकिस्तानातल्या अस्पृश्यांना सफाईसारखी कामं कोण करणार म्हणून तिकडेच अडवून ठेवलं जात होतं, आणि जे इकडे पोचले त्यांच्यापर्यंत मदत पोचत नव्हती. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये यावर जाहीर निवेदन काढलं, डिसेंबरात नेहरूंना पत्र लिहिलं. आणि लांब कशाला जायचं? आपल्याच गडचिरोलीत चामोर्शी, मुलचेरा भागात पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची गावं आहेत. त्यांत नामशूद्र मोठ्या संख्येने. १९४६ मध्ये बाबासाहेबांना बंगालमधून संविधान सभेवर पाठवण्यासाठी ज्यांनी जिवाचं रान केलं त्या जोगेंद्रनाथ मंडलांचा हा समाज. पश्चिम बंगालात ते अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. भीमजयंतीच्या मिरवणुकीत आपण त्यांची आठवण किती वेळा काढतो, हे ज्याने-त्याने स्वतःला विचारावं.

आमच्या वर्गात एक मावशी आहेत, त्याच भागातल्या. बंगाली, हिंदी, मराठी आणि थोडी गोंडी बोलतात. वर्गात येतात त्या वाचायला शिकायला. प्रकल्पाच्या फॉर्मवर त्यांच्या नावापुढे ‘भाषा कौशल्य : शून्य’ अशी नोंद झाली, कारण प्रश्न लिहिण्याचा होता. चार भाषांची बाई शून्य.

उद्घाटनाच्या दिवशी पडद्यावर एक वाक्य दाखवलं गेलं : भाषा समजत नसल्यामुळे स्थलांतरित महिला धोक्यात येतात. वाक्य खोटं नाही. पण उरवड्यात बसून ते ऐकताना माझ्या शेजारची स्थानिक ताई उठून बाहेर गेली. ७ जून २०२१ ला याच गावात, पाणी शुद्ध करायच्या क्लोरिन डायऑक्साइडच्या गोळ्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. १७ कामगार गेले, त्यांतल्या १५ बाया. आत शिरायला जेसीबीने भिंत फोडावी लागली. देहांची ओळख पटवायला डीएनए तपासणी करावी लागली. त्या यादीतली आडनावं वाचा. मराठी आडनावं आहेत. त्या बायांना मराठी शिकवायची कुणालाच गरज नव्हती.

म्हणून मला पहिल्यापासून एक प्रश्न पडलेला आहे. भाषा शिकायची ती नेमकी कोणाशी बोलायला? आणि ऐकणाऱ्याला काय शिकवायचं?

डब्यातल्या तयार अॅपमध्ये मराठी नव्हतीच. हिंदीत जे होतं त्यात कॉफीचं दुकान, हॉटेलची खोली आणि विमानतळ. झारखंडची एक मुलगी पाच मिनिटं विमानतळावर फिरून बाहेर आली आणि म्हणाली, “दीदी, बहुत सुंदर है, पर मेरेको जाना कहाँ है?” मग हिंजवडीत नोकरी करणारा आपलाच एक कार्यकर्ता मदतीला आला. चौफेर चित्रण करणारा कॅमेरा त्याने कुणाकडून तरी आणला आणि आम्ही आमच्या जागा घेतल्या. किराणा दुकान, बस स्टॉप, रेशनचं दुकान, दवाखान्यातली केसपेपरची खिडकी. वाक्यं बायांनी सांगितली. त्यांना कॉफी मागायची नव्हती. त्यांना म्हणायचं होतं : माझी हजेरी लागली नाही. पगाराची स्लिप द्या. पोटात कळ येते, पाळी चुकली आहे. दार उघडं ठेवा. हात लावू नका.

कारखान्याच्या आत चित्रण करायला एकाही ठिकाणी परवानगी मिळाली नाही. शेवटी ओळखीच्या एकाच्या रिकाम्या गोदामात खोके रचून, दिवे घालवून, मागे सायरन लावून आम्ही एक दृश्य केलं. त्यात बाईने ओरडून विचारायचं, “दार कुठं आहे?”

डब्याची अडचण पहिल्याच दिवशी कळली. आंबाडा घातलेल्या बाईच्या डोक्यावर पट्टा बसत नाही, टिकली काचेला चिकटते, काहींना भोवळ येते, उलटीसारखं होतं. हे सगळं सुटलं. सुटायला वेळ लागला तो एका वेगळ्याच गोष्टीला. डबा घातला की बाईला खोली दिसत नाही, आणि खोलीला मात्र बाई दिसते. दिवसभर सुपरवायझरच्या नजरेखाली काम करणाऱ्या बाईला हे सोसवत नाही. “पीछे कौन है?” हा प्रश्न मी पन्नासदा ऐकला असेल. मग बायांनीच नियम केला की एकीने घालायचं आणि दुसरीने तिच्या खांद्यावर हात ठेवून उभं राहायचं, पुरुष कोणी आत येणार नाही. आता, खांद्यावर हात ठेवून उभी असलेली गप्प थोडीच बसणार? आत काय दिसतंय म्हणून विचारणारच. आम्ही एवढंच म्हटलं की ते मराठीतून विचारा. “काय दिसतं?” “दवाखाना दिसतं.” “दिसतो गं.” “कोण आहे?” “नर्स आहे. रागावली आहे.” हसून हसून वर्ग बंद पडायचा. खरी भाषा इथे आली, डब्याच्या आत आणि बाहेर मिळून.

तरी डब्याचा एक गुण मी मान्य करते. तो हसत नाही. मराठी चुकलं की किराणावाला हसतो, बसमध्ये मागचे हसतात, आणि बाई पुन्हा हिंदीवर किंवा गप्प राहण्यावर येते. डब्यातल्या दुकानदाराला एकच वाक्य वीस वेळा बोललं तरी तो कंटाळत नाही. लाज न वाटता चुकायची जागा आपल्या माणसांना कधी मिळाली? बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही म्हणून फारसी घ्यावी लागली. चुकायची संधीसुद्धा नाकारायची, ही ब्राह्मणी व्यवस्थेची जुनी रीत. एमएला बुर्द्यू वाचताना ‘भाषिक भांडवल’ हा शब्द आला तेव्हा वर्गात सर उदाहरण शोधत होते. माझ्या घरी होतं.

म्हणूनच त्या लाल फुलीचा मला राग आला. आमच्या कार्यकर्त्याने त्यात उच्चार तपासायची सोय बसवली होती, आणि नमुन्याचा आवाज पुण्यातल्या एका कॉलेजच्या मुलीचा होता. मुलगी चांगली, मनापासून आली होती. पण ‘पाणी’मधला ण तिचा. बिहारची बाई ‘पानी’ म्हणाली की फुली, ओडिशाची बाई ‘पाणी’ म्हणाली की बरोबर, कारण ओडियात ण आहे. आणि माझी मराठी आई ‘पानी’ म्हणाली की फुली. आनी-पानी-लोनी म्हणून ज्यांची पिढ्यान् पिढ्या टिंगल झाली ते आपण, आणि आपल्याच पोराने बनवलेलं यंत्र आपल्याच आईला नापास करतं. त्याला दाखवलं तेव्हा तो बिचारा शरमला. त्याचा दोष म्हणावा तर कमीच आहे. २०२० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पाच मोठ्या कंपन्यांची बोलणं ओळखणारी यंत्रणा तपासली. गोऱ्या माणसांच्या बोलण्यातले शंभरात सरासरी १९ शब्द चुकत होते, काळ्यांच्या बोलण्यातले ३५. यंत्राला जात नसते असं म्हणणाऱ्यांनी यंत्राला कोणाचा आवाज ऐकवून वाढवलं ते आधी विचारावं. आम्ही फुली काढून टाकली. नमुन्याच्या आवाजात आता आईचा आवाज आहे, स्थानिक ताईचा आहे आणि मुलचेऱ्याच्या मावशींचाही.

या प्रकल्पावरून माझे दोन मित्रांशी वाद झाले. दोघेही चळवळीतले. एकाचं म्हणणं, हे एनजीओवाल्यांचं खेळणं आहे, किमान वेतनाचं बोला. मी त्याला म्हटलं, किमान वेतनाचं बोलायचं तरी कुठल्या भाषेत? जोतिराव-सावित्रीमाईंनी १८५५ मध्ये कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली ती मजुरीचा प्रश्न सुटल्यावर काढली नव्हती. पण त्याचा मुद्दा मी पूर्ण झटकत नाही, का ते पुढे सांगते.

दुसऱ्या मित्राचं म्हणणं, महाराष्ट्रात राहायचं तर मराठी आलीच पाहिजे, नाहीतर जावं परत. २०२५ मध्ये मीरा रोडला मराठीवरून दुकानदाराला मारलं तेव्हा त्याने तो व्हिडिओ मला अभिमानाने पाठवला होता. मित्रा, तुला सार्वजनिक उत्तर देते. मी दोन वर्षं मराठी शिकवते आहे, मराठीवर माझं प्रेम तुझ्यापेक्षा कमी नाही. पण थप्पड मारून जी भाषा शिकवली जाते तिच्यात बाई फक्त ‘हो साहेब’ म्हणायला शिकते. आणि ही अस्मिता आपल्या आजीच्या बोलीला मराठी समजत होती का, ते तुझ्या आजीला विचार.

शिवाय कायदा काय म्हणतो? १९४८ चा कारखाने कायदा सांगत होता की कारखान्यातल्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळेल त्या भाषेत लावा. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने तर ठेकेदारावर पासबुक देण्याचं बंधन घातलं होतं, हिंदी-इंग्रजीत, आणि कामगाराची भाषा वेगळी असेल तर त्याच्या भाषेतही. म्हणजे भाषेचा भार मालक आणि ठेकेदार यांच्यावर होता. पुढे २०२० च्या संहितेत हे दोन्ही कायदे गुंडाळले गेले. इतक्या वर्षांत ओडियातलं पासबुक मी एकही पाहिलेलं नाही. ठेकेदाराने एक ओळ ओडियात लिहायची नाही आणि बाईने मात्र बारा तास काम करून संध्याकाळी मराठी शिकायची. ती शिकते, तिला हवं म्हणून शिकते. पण आपण कार्यकर्त्यांनी याला ‘सक्षमीकरण’ म्हणून टाळ्या वाजवताना थोडं थांबावं.

आता जे सांगायचं टाळत होते ते. ओडिशाची एक बाई, वर्गात सगळ्यांत चांगली. ‘पगाराची स्लिप द्या’ हे वाक्य तिने डब्यात इतकं घोटलं की आवाजातला थरथराट गेला. एका शनिवारी तिने ते ठेकेदारासमोर म्हटलं. स्पष्ट मराठीत. तो हसला आणि हिंदीतच म्हणाला, अरे वा, मराठी सीख गई. सोमवारी गेटवर तिचं नाव नव्हतं. तीन आठवडे ती खोलीवर बसून होती. भाडं थकलं. माझ्याशी ती एका शब्दानेही वाकडं बोलली नाही, त्यामुळे मला जास्त लागलं. वाक्य मी दिलं होतं. वाक्य बोलल्यावर पुढे काय होतं त्याचं दृश्य आम्ही केलंच नव्हतं. आमच्या डब्यातला ठेकेदार स्लिप देत होता.

आणि डब्यात बाई एकटी असते. हे मला तेव्हा कळलं. पहिल्या मित्राचं म्हणणं मी पूर्ण झटकत नाही ते यामुळे. आम्ही ते दृश्य बदललं. आता ठेकेदार नाही म्हणतो, हसतो, उद्या येऊ नको म्हणतो. आणि ते दृश्य एकटीने करायचं नाही. डबा एकीकडे, बाकीच्या अकरा-बारा जणी भोवती, आणि तो नाही म्हणाला की सगळ्यांनी मिळून पुढचं वाक्य म्हणायचं. तारीख, हजेरीचे दिवस आणि रक्कम वहीत लिहायचं हेही शिकवतो, ते मावशी बघतात. ओडिशाच्या बाईला दुसऱ्या ठिकाणी काम मिळालं. मजुरी थोडी कमी आहे. जुन्या कामाचे नऊ दिवसांचे पैसे अजून आलेले नाहीत, त्यासाठी अर्ज केला आहे.

मागच्या रविवारी आम्ही आणखी एक करून पाहिलं. इथल्या लाइनवर सुपरवायझर असलेला एक मुलगा, आपल्याच समाजाचा, चौदा एप्रिलला निळा फेटा बांधून पुढे नाचणारा. त्याला बोलावलं आणि गोदामाचं तेच दृश्य ओडिया आवाजात लावून डबा त्याच्या डोळ्यांवर बांधला. अंधार, सायरन आणि एक बाई ओडियात सांगते आहे की दार कुठे आहे. तो तीनदा गोल फिरला, भिंतीला हात लावत राहिला. डबा काढला तेव्हा कपाळावर घाम होता. “ताई, ती काय म्हणत होती?” त्याने मला विचारलं. मलाही ओडिया येत नाही. ती बाई दारात उभी होती, मी म्हटलं तिलाच विचार. त्याने विचारलं. तिने त्याला ओडियातला दाराचा शब्द सांगितला, दोनदा म्हणून घेतला, आणि चुकला तेव्हा हसली नाही.

महिनाअखेर डबे परत जातील. संस्थेला अहवाल हवा आहे, त्यात एक रकाना आहे : ‘भाषा शिकलेल्या निर्वासित महिलांची संख्या’. मी तिथे तेवीस लिहिलं आहे, आणि खाली पेनाने एक ओळ वाढवली आहे : सुपरवायझर, एक, शिकणं चालू.